चोरीस आणि हॅम : खारवलेल्या मांसाची पारख

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत पावसाळ्याच्या बेगमीची लगबग चालू असते. या बेगमीला तेथे पुरुमेंत म्हणतात. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव पडले. जाडे मीठ, सुके मासे, आमसुले, मिरच्या, माडाचा शिर्का आणि चोरिसांच्या माळा हे जिन्नस या दिवसांत घरोघर भरून ठेवले जातात. जूनमध्ये समुद्र खवळतो, यांत्रिक होड्यांची मासेमारी दोन महिने बंद राहते, आणि ताज्या मासळीवाचून दिवस काढताना ही साठवण उपयोगी पडते.

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे लहान तुकडे मीठ, मसाला व शिर्का लावून आतड्यात भरलेले आणि सुकवलेले असे खाद्य. दोऱ्याने ठिकठिकाणी बांधल्यामुळे त्याचे मणी दिसतात व अनेक मण्यांची माळ होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा माळा घेऊन बसलेल्या विक्रेत्या दिसतात. एकीच्या माळेतील मणी टणक व काळपट, तर शेजारणीच्या माळेतील मऊ व तांबूस असतात. एकीचा चोरीस आंबटपणाकडे झुकतो, दुसरीच्या चोरिसाला धुराचा वास असतो, तिसरीचा चरबीने ओथंबलेला असतो. नाव मात्र सर्वांचे एकच. गिऱ्हाईक आपल्या नेहमीच्या विक्रेतीकडे वळते आणि तिचाच माल उत्तम असे ठासून सांगते.

या निवडीला काही आधार आहे काय? जिभेला जाणवणारा भेद कशातून उत्पन्न होतो? आणि याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, जो माल अधिक रुचकर तोच अधिक निर्धोकही असतो काय? हेच प्रश्न इटली, स्पेन, चीन आणि अमेरिका या देशांत हॅमविषयी, म्हणजे डुकराच्या खारवून मुरवलेल्या मागील मांडीविषयी, पुष्कळ काळ विचारले गेले आहेत. तेथे मिळालेली उत्तरे चोरिसाची पारख करतानाही उपयोगी पडतात.

मीठ नेमके काय करते?

ताज्या निर्मेद मांसात शेकडा 75 च्या सुमारास पाणी असते व शेकडा 20 च्या सुमारास प्रथिने असतात. जंतूंच्या वाढीला याहून सोयीचे स्थान क्वचितच आढळेल. अशा मांसावर मीठ चोळले म्हणजे प्रथम मांसातील पाणी बाहेर ओढले जाते व पृष्ठभागावर खारट द्रव जमतो. नंतर त्या द्रवातील मीठ हळूहळू आत शिरते. जंतूंच्या पेशींवरही हाच परिणाम होतो. भोवतालचे पाणी अधिक खारट झाले की तर्षणाच्या नियमाप्रमाणे पेशीतील पाणी बाहेर जाते व जंतूंची वाढ खुंटते.

म्हणून मांसात पाणी किती आहे यापेक्षा त्यांपैकी किती पाणी जंतूंच्या उपयोगी पडू शकते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. या उपलब्धतेला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता 1 धरली, तर ताज्या मांसाची 0.99 आणि मिठाच्या संपृक्त द्रावणाची 0.75 भरते. मांस सडवणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ या दोन टोकांच्या मध्येच कोठे तरी थांबते.

दोन उत्पादकांच्या मालाची तुलना करताना मिठाच्या बाबतीत एक चूक हटकून होते. 100 ग्रॅम मालात मीठ किती, एवढेच पाहिले जाते. समजा, दोन चोरिसांत प्रत्येकी 100 ग्रॅमांमागे 4 ग्रॅम मीठ आहे. पहिल्यात निर्मेद मांस अधिक असल्याने 60 ग्रॅम पाणी आहे. दुसऱ्यात चरबी अधिक असून तो अधिक सुकलेलाही आहे, म्हणून त्यात 36 ग्रॅमच पाणी आहे. मीठ चरबीत विरघळत नाही. ते पाण्यातच राहते. म्हणून पहिल्यातील खारट पाण्याचे प्रमाण 64 ग्रॅमांत 4 ग्रॅम, म्हणजे शेकडा 6.25 झाले. दुसऱ्यात ते 40 ग्रॅमांत 4 ग्रॅम, म्हणजे शेकडा 10 झाले. मीठ सारखेच असूनही टिकाऊपणात एवढे अंतर पडले. मीठ व पाणी यांचा एकत्र विचार केल्याखेरीज तुलना पुरी होत नाही, हा या विषयातील पहिला धडा होय.

थंडीचा मार्ग

हॅम करण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. मांडी मिठात ठेवावयाची, मुरू द्यावयाची, मग महिनोन् महिने हवेत टांगून ठेवावयाची. अडचण आहे ती आकाराची. मांडीचे वजन दहा किलोंहूनही अधिक असते. मीठ बाहेरून आत जाते आणि हाडापर्यंत पोचण्यास त्याला काही आठवडे लागतात. मीठ पोचेपर्यंत आतील मांसाचे रक्षण केवळ थंडीच करू शकते. म्हणून पूर्वी सर्वत्र हे काम हिवाळ्यातच आरंभीत. आज इटलीतील पार्मा येथे मांड्या गोठणबिंदूच्या किंचित वर असलेल्या उष्णतामानात खारवतात व त्यानंतरही दोन-तीन महिने थंड जागी ठेवतात. मीठ आत सर्वत्र पसरल्यावरच त्या उबदार हवेत नेल्या जातात.

पार्माच्या हॅममध्ये मिठाखेरीज दुसरे काही घालीत नाहीत. उघड्या मांसावर डुकराची चरबी व तांदळाचे पीठ यांचा लेप देतात, म्हणजे पृष्ठभाग फार वेगाने सुकत नाही. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर तपासनीस घोड्याच्या हाडाची बारीक सुई मांडीत पाच ठिकाणी खुपसून वास घेतो. हे हाड सच्छिद्र असल्याने वास चटकन धरते व चटकन सोडते. परीक्षेत उतरलेल्या मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाची मुद्रा उमटवतात. चीनमधील जिन्हुआ येथील हॅमची परीक्षा याच तत्त्वावर, पण बांबूच्या सुईने घेतली जाते. दोन दूरस्थ देशांतील कारागिरांनी एकच युक्ती योजावी हा केवळ योगायोग नव्हे. दोघांनाही एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते : मीठ पोचण्यापूर्वी हाडाजवळ सडण्यास आरंभ झाला होता काय?

स्पेनमध्ये डुकराची जात व खाद्य यांना विशेष महत्त्व देतात. इबेरियन जातीची डुकरे ओकची फळे खाऊन वाढली की त्यांच्या चरबीत ओलेइक अम्लाचे प्रमाण वाढते. हेच अम्ल ऑलिव्हच्या तेलात विपुल असते. अशी चरबी मऊ असते व तोंडात चटकन विरघळते. 2014 पासून तेथे जात व खाद्य यांनुसार काळी, तांबडी, हिरवी व पांढरी अशा चार रंगांच्या पट्ट्या मांड्यांना लावतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया, केंटकी इत्यादी राज्यांतील गावठी हॅमसाठी शासकीय नियमाने दोन अंक ठरवून दिले आहेत. मांडीचे वजन मूळ वजनाहून निदान शेकडा 18 ने घटले पाहिजे आणि आतील मांसात निदान शेकडा 4 मीठ असले पाहिजे. पार्मा येथे नाकाची, स्पेनमध्ये वंशाची आणि अमेरिकेत तराजूची साक्ष काढतात, असे म्हणता येईल.

मुरण्याच्या दीर्घ काळात मांसातील एंझाइमे स्वस्थ नसतात. ती प्रथिनांचे तुकडे पाडतात व त्यांतून ॲमिनो अम्ले सुटी होतात. हॅमची गाढ चव बव्हंशी यांच्यामुळेच येते. जुन्या हॅमच्या कापावर जे पांढरे ठिपके दिसतात ते पुष्कळदा बुरशीचे नसून टायरोसीन या ॲमिनो अम्लाचे स्फटिक असतात. चरबीचेही विघटन होऊन सुगंधी द्रव्ये निर्माण होतात. हे विघटन मर्यादेबाहेर गेले तर त्यालाच खवटपणा म्हणतात.

उष्ण प्रदेशाचा मार्ग

गोव्यात अशी मांडी का मुरवत नाहीत, याचे उत्तर आता सहज मिळते. मीठ हाडापर्यंत पोचेपर्यंत लागणारी थंडी तेथे कोणत्याच ऋतूत नसते. नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूरसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील रात्री गार असतात; पण दिवस तितके गार राहत नाहीत, आणि पुढे उन्हाळ्यात पारा 40 अंश सेंटिग्रेडच्या वर जाऊन हवा अतिशय कोरडी होते. अशा हवेत मांसाचे बाह्य कवच कडक होते व आतील पाणी आतच कोंडते. बाहेरून सुकलेले मांस आतून नासलेले निघण्याचा प्रकार यामुळेच घडतो. म्हणजे नुसती थंडी किंवा नुसती कोरडी हवा पुरेशी नाही. दोन्ही योग्य क्रमाने मिळाव्या लागतात.

गोव्यातील कारागिरांनी ही अडचण निराळ्या रीतीने दूर केली. त्यांनी मांसाचे लहान तुकडे केले. लहान तुकड्याच्या मध्यापर्यंत मीठ पोचण्यास आठवडे लागत नाहीत, थोडा वेळ पुरतो. तुकड्यांना मीठ लावून ते वजनाखाली दाबून ठेवतात, म्हणजे सुटलेले पाणी निथळून जाते. नंतर लाल मिरची, लसूण, आले, हळद, जिरे, मिरी, दालचिनी व लवंग हा मसाला शिर्क्यात वाटून त्यात मांस मुरवतात. शेवटी ते आतड्यात भरून उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवतात.

1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला. त्यांची सत्ता तेथे 1961 पर्यंत राहिली. पोर्तुगालमध्ये या खाद्यात द्राक्षाची दारू घालीत. गोव्यात तिची जागा माडाच्या शिर्क्याने घेतली, आणि हा बदल केवळ रुचीचा नव्हता. शिर्क्यात शेकडा 4 च्या सुमारास ॲसेटिक अम्ल असते. ते मांसाची अम्लता वाढवते व जंतूंविरुद्ध मिठाच्या जोडीला दुसरा पहारेकरी उभा करते. धुरातील फिनॉल वर्गाची द्रव्ये हा तिसरा पहारेकरी होय. यांपैकी एकटा कोणीही पुरा पडला नसता. परंतु एकत्र आल्यावर प्रत्येकाचे काम हलके होते. हॅम थंडी व काळ यांच्या बळावर टिकते, तर चोरीस लहान आकार, आंबटपणा व धूर यांच्या बळावर टिकतो. मीठ दोघांनाही समान आहे.

भेद कोठे पडतो?

एका विक्रेतीचा चोरीस दुसरीहून वेगळा का लागतो, हे आता क्रमाने पाहता येईल. पहिला भेद जनावराचाच असतो. मारण्यापूर्वी डुकराला विश्रांती मिळालेली असेल तर स्नायूंतील शर्करेपासून लॅक्टिक अम्ल तयार होते आणि मांसाचा पीएच 7 च्या आसपासून सुमारे 5.5 पर्यंत उतरतो. दमलेल्या, भेदरलेल्या जनावरात ही शर्करा आधीच संपलेली असते. त्याचे मांस गडद, चिकट राहते व लवकर नासते. पुढे मसाला कितीही उत्तम घातला, तरी ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा भेद मिठाचा. मिठागरातील ताज्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते कडवट लागतात व हवेतील ओलावा शोषतात. रास करून दीर्घकाळ ठेवलेल्या मिठातून हे क्षार निथळून जातात. जुने मीठ वापरावे या जुन्या कारागिरांच्या आग्रहाला असे कारण आहे. तिसरा भेद दाबून निथळवण्याचा; येथे घाई झाली की मणी ओले राहतात. चौथा शिर्क्याचा, तो पाणी घालून पातळ केलेला असेल तर चव फारशी बदलत नाही, पण संरक्षण मात्र घटते. पाचवा भेद सुकवण्याचा. अधिक सुकलेला माल वजनाला हलका होतो, म्हणून वजनावर विकणाऱ्याला तो सुकवणे तोट्याचे वाटते. गिऱ्हाइकाला स्वस्त पडलेली ओली माळ पुष्कळदा पाण्याचीच किंमत वसूल करीत असते.

रंगावरून मात्र फसगत होण्याचा संभव असतो. चोरिसाची लाली प्रामुख्याने मिरचीची असते. हॅममधील लाली दोन प्रकारांनी येते. अनेक ठिकाणी मिठाबरोबर सोरा किंवा नायट्राइट घालतात. त्यापासून होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग पावतो व टिकाऊ तांबडा रंग देतो. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1901 मध्ये या रंगाची उपपत्ती लावली. पार्माच्या हॅममध्ये नायट्राइट नसूनही ते तांबडेच असते, कारण तेथे दीर्घ काळात रंगद्रव्यातील लोहाची जागा जस्त घेते. नायट्राइट धोकादायक जंतूंना रोखते हा त्याचा गुण. परंतु अतिशय तापवलेल्या मांसात त्यापासून नायट्रोसअमाइने ही अपायकारक द्रव्ये होऊ शकतात, हा त्याचा दोष. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला. असे मांस बेताने खावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

जिभेला न कळणारा भेद

डिसेंबर 1895 मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीनंतर वादकांचे पथक जेवावयास बसले. पानात खारवलेले कच्चे हॅम होते. जेवणानंतर अनेकांना एकाची दोन चित्रे दिसू लागली, गिळणे व बोलणे कठीण झाले, आणि तिघे दगावले. त्याच डुकराचे इतर मांस खाणाऱ्यांना मात्र काही झाले नाही. एमील व्हान एर्मेंगेम या जंतुशास्त्रज्ञाने त्या हॅममधून एक जंतू वेगळा केला व 1897 मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. हा जंतू हवेच्या अभावी वाढतो व वाढताना अत्यंत तीव्र विष तयार करतो. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. लॅटिन भाषेत बोट्युलस म्हणजे मांस भरलेले आतडे. हे नाव पडण्याचे कारण असे की, 1820 च्या सुमारास जर्मनीत युस्टिनुस केर्नर या वैद्याने हाच विकार अशा भरलेल्या आतड्यांच्या संदर्भात वर्णिला होता.

एकाच जनावराचे मांस एका पानात निर्धोक आणि दुसऱ्यात प्राणघातक ठरावे, यात तुलनेचा सर्वांत मोठा धडा आहे. व्हान एर्मेंगेम यांनीच दाखवले की मिठाचे प्रमाण पुरेसे असल्यास हे विष तयार होत नाही. या जंतूच्या चिवट जातीही सुमारे शेकडा 10 खारट पाण्यात किंवा 4.6 च्या खालच्या पीएचला वाढत नाहीत. मघाच्या उदाहरणातील दोन चोरिसांपैकी एक या मर्यादेवर पोचला होता व दुसरा पुष्कळ अलीकडे होता; तरीही मिठाची चव दोघांतही जवळजवळ सारखीच लागली असती.

या जंतूचे विष 85 अंश सेंटिग्रेडला पाच मिनिटे तापवल्यास नष्ट होते. चोरीस नेहमी शिजवूनच खातात, हा त्याचा पार्माच्या कच्च्या हॅमहून मोठा फरक होय. चांगले शिजवल्याने डुकराच्या मांसातील पट्टकृमीच्या अळ्याही मरतात. परंतु सर्व धोके शिजवण्याने टळत नाहीत. हाताळणाऱ्याच्या त्वचेवरून किंवा नाकातून येणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू 0.86 इतक्या कमी जलसक्रियतेतही वाढू शकतो व त्याचे विष उकळल्यानेही नाश पावत नाही. म्हणून स्वच्छ हात आणि पुरेसे सुकवणे यांना पर्याय नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत सुकलेली माळ पुन्हा ओलावा धरते. तेव्हा ती थंड कपाटात ठेवणेच श्रेयस्कर.

तुलनेची रीत

दोन माळांची तुलना करावयाची तर प्रथम तराजू व मग जीभ, असा क्रम असावा. करणाऱ्याने खारवण्यापूर्वीचे मांसाचे वजन लिहून ठेवावे आणि सुकताना तीच माळ रोज तोलावी. 1 किलोची माळ 820 ग्रॅमवर आली म्हणजे शेकडा 18 घट झाली. वजन उतरण्याचे थांबले, की सुकणे थांबले असे समजावे. मणी कापून मध्यभाग व कडा यांत फरक दिसतो काय तेही पाहावे. मीठ, पाणी व पीएच यांची मोजणी साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकते.

त्यानंतर चवीची परीक्षा. नमुने एकाच रीतीने शिजवलेले, सारख्या आकाराचे व सारखेच गरम असावेत. विक्रेत्याचे नाव झाकून फक्त आकडा लिहावा. दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याचा घोट व पावाचा तुकडा घ्यावा. खरोखर भेद आहे की तो केवळ मनाचा खेळ आहे, हे जाणण्यासाठी तीन नमुन्यांची कसोटी उत्तम. तिघांपैकी दोन एकाच माळेतील व एक दुसऱ्या माळेतील असतो. वेगळा कोणता ते चाखणाऱ्याने ओळखावयाचे. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक उत्तर बरोबर येते. म्हणून बारा जणांपैकी चौघांनी ओळखले तर काहीच सिद्ध होत नाही. निदान आठ जणांनी ओळखले तर भेद खरा मानण्यास हरकत नाही.

अशा परीक्षेने म्हापशाच्या बाजारातील सर्व माळा एकसारख्या व्हाव्यात, असा हेतू नाही. आंबट, तिखट, धुरकट हे भेद घराण्याघराण्याचे आहेत आणि ते राहणेच इष्ट होय. परंतु मिठाचे पाण्याशी प्रमाण, शिर्क्याची तीव्रता व सुकवण्याची मर्यादा या बाबतींत भेद पडू देणे परवडणारे नाही. मसाला ज्याच्या त्याच्या हाताचा असावा, वजनाचा अंक मात्र सर्वांचा एक असावा. असे झाले तर घरी चोरीस करणारी स्त्री कारखान्याच्या मालापुढे केवळ जुन्या नावावर नव्हे, तर आपल्या वहीतील आकड्यांच्या आधारे उभी राहू शकेल आणि गिऱ्हाइकाची निवडही केवळ सवयीची न राहता जाणतेपणाची होईल.